घाटाखाली

वहीत पास्कू डिमेलोने लिहिलंय:
तारी भि., सव्वीस मीटर, बोयाची साखळी, दुसरी बुडी,
वर आला तीन वाजून चाळीस मिनिटांनी.
आणि खाली, दोनदा गिरवून:
उद्या तीन-चाळीसपर्यंत फोंड्याच्या वर नाही.

बोटीवर कान पुसत होतो तेव्हाच फोन आला.
रेश्माला मुलगी झाली, कोल्हापुरात,
महिनाभर आधी, दोन किलोला थोडी कमी.
जावई रडत होता की हसत होता,
वाऱ्यामुळे कळलं नाही.

म्हटलं, पास्कू, देवगडातून सहाची गाडी मिळेल.
तो गप्प.
खिशातून इंजिनाची किल्ली काढून तांडेलाला दिली.
माणूस पाण्यात असेतो ती पास्कूच्याच खिशात,
तांडेलाचा बाप आला तरी मिळत नाही.
मग डावा हात वर करून दाखवायला गेला.
खांद्यापाशीच अडला हात.
"ह्यो घाट," म्हणाला, "सत्त्याण्णवचो.
म्हावऱ्याच्या टेम्पोत बसलंय, बुडी मारून, तसोच."

नियम तसे सगळे पाठ आहेत.
सर्दी असेल तर उतरायचं नाही, चारचौघांत लाज वाटली तरी.
शेवटचे पन्नास बार आपले नसतात.
दोरीला चार हिसके म्हणजे वर ओढा, विचारपूस नंतर.
वर येताना आपल्याच सगळ्यात बारीक बुडबुड्याला
मागे टाकायचं नाही.
हे झालं पाण्याचं. पाण्यात मी चुकत नाही.
पण आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून
एसटीत खिडकीपाशी बसलेला माणूस
अजून वर येतोच आहे,
हे कंडक्टरला कसं सांगायचं?

तरी निघालो. फोंड्यापर्यंत जायला कोणाची ना आहे?

रात्री स्टँडच्या बाकावर पिशवी उशाला.
पिशवीत डिंकाचे लाडू, बायकोने घाईत वळलेले, फुटणारे,
आणि एक कुंची, रेश्माचीच, पंचवीस वर्षांची.
गाड्या येत होत्या. बसा की काका, जागा आहे.
नको.
कोल्हापूरच ना?
कोल्हापूरच, पण नको.
चहावाल्याने दोन कप पाजून तिसऱ्याला विचारलं,
घरात काही भांडण?

समोर घाट. काळोखात वळणावळणाने दिवे वर चढत होते
आणि एका जागी पुसले जात होते.
मला सवय आहे अशी.
पाच मीटरवर दोरी धरून लटकायची,
वर बोटीचा तळ दिसतो, तांडेलाची विडी जवळजवळ वास येते,
आणि आपण तिथेच, मिनिटं मोजत,
हवा असून, ताकद असून.
हा तसाच थांबा. फक्त बाक कोरडा,
आणि डास.

पहाटे रेश्माचा फोन. आवाज खोल गेलेला.
कुठे आहात?
फोंड्याला.
मग या ना.
मी तिला सोड्याच्या बाटलीचं सांगायला लागलो,
बूच हळू काढलं नाही तर काय होतं ते.
ती म्हणाली, बाबा, ती काचेच्या पेटीत आहे.
मी गप्प झालो.
आठ महिने पाण्यात होती पोर,
एकही थांबा न घेता वर आली.
तिच्या वहीत कोणी काय लिहिलं असेल?

दुपारचं ऊन बाकाच्या पायांपर्यंत आलं.
तीन-पंचवीसला देवगड-कोल्हापूर लागली,
कालचाच कंडक्टर, त्याने दारातूनच ओळखलं.
चला काका, आज तरी.
पुढची किती वाजता?
सव्वापाच.
मी घड्याळ बघितलं. पंधरा मिनिटं.
पाय उठले होते, खरं सांगतो.
डावा हात सहज वर केला,
कानापर्यंत, डोक्यावर, पार वर,
कंडक्टरला वाटलं मी निरोप देतोय.
त्याने घंटी मारली.